वाघिणींची फाईल

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नाशिकचा संघ नाशिकमधून गेला. प्रत्यक्षात कुणी कुठे गेलेले नाही, मुली आपापल्या घरीच आहेत. पण कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धनराज निकमने बातमी टाकली, खाली रडणारे तोंड टाकले, आणि त्याच्याखाली कुणीतरी गॅसची गाडी येऊन गेली का म्हणून विचारले.

बातमी अशी की, महिला खो-खो लीगमधला आपला संघ 'गोदा वाघिणी' मालकांनी सुरतेला हलवला. डिसेंबरपासून घरचे सामने तिकडे. नवे नाव 'तापी वाघिणी'. वाघिणी त्याच, नदी तेवढी बदलली. एवढ्या सहज मी शर्टसुद्धा बदलत नाही.

ही वही तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा संजनाने दिली होती. "बाबा, मनातलं लिहीत जा," म्हणाली. तीन वर्षांत मनात काही आले नाही. आता आले आहे, तर रीतसर सुरुवात करतो. मी किशोर पगारे, सरकारी कचेरीत चौतीस वर्षे नोकरी, वरिष्ठ लिपिक. गोदातीर क्रीडा मंडळाचा एकोणीस वर्षे चिटणीस. वाघिणींमधल्या सहा मुली आमच्या मंडळाच्या. त्यातली रोशनी भोये तर मी स्वतः शोधली. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर, तेरा वर्षांची, अनवाणी. खांबावर तिने असा सूर मारला की बाद झालेली मुलगी जागची हलेना, आणि मी गुणलेखन सोडून उभा राहिलो. त्या पाळीचे दोन गुण लिहायचे राहून गेले होते. माझ्या हातून झालेली तेवढी एकच चूक.

आशाने विचारले, "संघ गेला तर तुम्ही संध्याकाळी करणार काय?" बायकोने असा प्रश्न विचारू नये.

खरे सांगायचे तर जेवण गेले नाही. घरचा सामना असला की क्रीडा संकुलात साडेतीन हजार माणसे "गोदा! गोदा!" ओरडतात, आणि त्यातली निम्मी तरी मला नावाने ओळखतात. नोकरीत असताना मला फक्त काम अडलेले लोक ओळखायचे.

सोमवार, १५ सप्टेंबर

विहाराच्या सभागृहात बैठक झाली. 'गोदा वाघिणी बचाव संघर्ष समिती' स्थापन. अध्यक्ष मी. धनराज कार्याध्यक्ष. उपस्थिती अकरा. सिंहस्थासाठी रस्ते खोदून ठेवल्यामुळे बाकीच्यांना येता आले नसावे.

मी सुरुवातीलाच म्हणालो, "ही माती आपल्या मुलींना सोडणार नाही." टाळ्या पडल्या. मग धनराज म्हणाला, "अध्यक्ष, ते खरंय, पण सुरतेच्या सामन्यांचे पास आपल्या समितीकडं राहतील का?" मी त्याला विषयपत्रिकेबाहेर ठरवले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

संघाचा व्यवस्थापक शेखर याला भेटलो. बत्तीस-तेहतीसचा असेल, बोलायला अतिशय गोड, काका-काका करतो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "काका, नाशिकचं प्रेम आम्हाला माहितीये. पण मालक विचारतात, तिकिटं किती गेली?"

अशा प्रश्नासाठी मी तयारीनेच गेलो होतो. दोन्ही हंगामांच्या सगळ्या सामन्यांच्या पासवाटपाचे रजिस्टर त्याच्यापुढे ठेवले. नाव, पत्ता, खुर्ची क्रमांक, सही. एकाही सामन्याला एक खुर्ची रिकामी नाही. आता आपल्याच पोरी खेळणार आणि आपण तिकीट काढायचे, हे नाशिकच्या माणसाला पटत नाही. घरच्या लग्नात जेवणाचे ताट विकत घेतल्यासारखे वाटते. म्हणून पहिल्या दिवसापासून मी पासांसाठी भांडलो आणि कुणालाही विन्मुख पाठवले नाही.

शेखर रजिस्टर बघून थक्क झाला. प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतला. म्हणाला, "काका, हे फार उपयोगाचं आहे. इतकी व्यवस्थित माहिती आमच्याकडंसुद्धा नव्हती."

आज शांत झोप लागेल.

मंगळवार, २३ सप्टेंबर

दोन पत्रे आली.

पहिले मालकांचे. "आपणच सादर केलेल्या नोंदींवरून असे दिसते की, नाशिक येथील नव्याण्णव टक्के प्रेक्षक विनामूल्य प्रवेश घेतात. स्थलांतराचा निर्णय योग्य असल्याची यामुळे खात्री पटली. आभार." माणसाने कागद द्यावा विश्वासाने आणि समोरच्याने तो वाचावा, ही कुठली रीत?

दुसरे पत्र लीगच्या कचेरीचे. आमच्या सहा मुलींना सुरतेच्या संघातून खेळण्यासाठी मूळ मंडळाचा ना हरकत दाखला हवा आहे. नमुना आणि सहाही मुलींचे अर्ज सोबत जोडलेले. मुदत गुरुवार, सहा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. सही चिटणिसाची.

हे पत्र मी तीन वेळा वाचले. मग उठून पाणी प्यालो.

चौतीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. मोठमोठे निर्णय वर होतात, पण ते खाली एका कागदावर येऊन टेकतात, आणि तो कागद कुणाच्या तरी टेबलावर असतो. माझ्या टेबलावरून मंत्र्यांच्या ओळखीची माणसे परत गेलेली आहेत. नकार कधीच द्यायचा नसतो. नकार दिला की माणूस वर जातो. त्रुटी काढायची. त्रुटी काढली की माणूस घरी जातो, ती पुरी करून परत येतो, तोवर दुसरी सापडलेली असते. सहा मुली नाहीत म्हणजे निम्मा संघ नाही. निम्मा संघ नाही म्हणजे मालक नाशिकला हात जोडून परत.

सहाही अर्ज फाईलला लावले. फाईलवर लिहिले, 'कार्यवाही सुरू'. सहाही मुलींना त्रुटी कळवल्या.

शनिवार, २७ सप्टेंबर

रोशनी आली. वीस वर्षांची झाली, पण अजून दारात चपला काढून कोपऱ्यात उभी राहते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची छायाप्रत साक्षांकित नव्हती, ती करून आणली होती. मी प्रत तपासली. बरोबर होती.

आशाने तिला जेवायला बसवले. जेवता जेवता ती आशाला सांगत होती ते मी ऐकले. दोन हंगाम संघाचे मानधन मिळाले म्हणून तिचे आईवडील, फुलाबाई आणि पुंजा, दोन वर्षे द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला गेले नाहीत. घरीच राहिले. घराला पत्रे घातले, दारात मोगऱ्याचा वेल लावला. "पहिल्यांदा आमच्या वेलाला कोणीतरी पाणी घालायला घरी होतं काकू," म्हणाली. सुरतेचा करार झाला तर तीन वर्षांची निश्चिंती.

ऐकून बरे वाटले. आपण शोधलेल्या मुलीचे घर उभे राहिले. मी तिला सांगितले की आता फक्त वडिलांचे संमतिपत्र लागेल.

"काका, मी सज्ञान हाय ना?"

"असलीस तरी फाईलला असलेलं बरं."

ती बरं म्हणाली. मुलगी गुणी आहे.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

साखळी उपोषण झाले. मूळ बेत गांधी जयंतीचा होता, पण त्याच दिवशी दसरा आला. धनराज म्हणाला, "घरी श्रीखंड केलंय, उपाशी कसं बसायचं?" मलाही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी जायचे होते. म्हणून आज. संकुलाच्या फाटकापाशी मांडव, प्रत्येकाची पाळी दोन तासांची. माझी पाळी दोन ते चार, म्हणून घरून जेवूनच गेलो. उपस्थिती सात. एक बाई मुलाला घेऊन थांबली आणि स्केटिंगचे वर्ग इथेच भरतात का म्हणून विचारून गेली.

उद्या पेपरात फोटो येईल.

शनिवार, ४ ऑक्टोबर

फोटो आला. धनराज पूर्ण, मांडव पूर्ण, माझा डावा खांदा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

रोशनी संमतिपत्र घेऊन आली. पुंजाने अंगठा न करता सही केली आहे. रोशनीने शिकवली म्हणे. सहीखाली तारीख नव्हती. मी दाखवून दिले. ती म्हणाली, "मी टाकू का?" मी म्हणालो, "ज्याची सही त्याचीच तारीख." तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

बाकी पाच जणी एकदाही फिरकल्या नाहीत. शहरातल्या मुली, बाप नोकरदार, तरी घाई नाही. मी ओळखले, त्या मनातून आपल्या बाजूच्या आहेत. न बोलता लढ्याला साथ देणे याला म्हणतात. रोशनीलाही हे सांगावेसे वाटले, म्हणून तिला समितीचे पत्रक वाचायला दिले. 'मातीशी इमान', 'आपली माणसे परमुलखात' वगैरे. मजकूर माझाच.

तिने सगळे वाचले. मग म्हणाली, "काका, आमचं तं अर्धं गाव दिवाळी झाली का जातं. पिंपळगावला जातं, वलसाड-नवसारीकडं जातं. त्याच्यासाठी कोणी उपोषणाला नाय बसत."

मी तिला समजावले, "बाळ, ते पोटासाठी जाणं. हा अस्मितेचा प्रश्न आहे."

ती हो म्हणाली. तिला विषयाचे गांभीर्य हळूहळू कळेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

रोशनी तारीख टाकून आली. फोटो संघाच्या शर्टावरचा होता, छातीवर वाघीण. मी म्हणालो, साध्या कपड्यातला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लागेल. ती म्हणाली, "कोपऱ्यावर फोटोवाला हाय, लगेच काढून आणते." अर्ध्या तासात आणलाही. एवढी चपळ मुलगी म्हणजे त्रुटी काढणाऱ्याची परीक्षाच.

शेवटी मी सांगितले की दाखल्यावर खेळाडूची सही चिटणिसासमोर व्हावी लागते, हा आमच्या मंडळाचा ठराव आहे. तो ठराव मीच २०१९ मध्ये मांडला होता, बोगस सह्यांना आळा बसावा म्हणून. ती म्हणाली, "मग करते ना आत्ता, तुमच्यासमोर."

"आत्ता दाखला तयार नाही. तयार झाला की फोन करतो."

ती गेल्यावर आशा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पोळपाट होता, ते एक बरे, लाटणे नव्हते. म्हणाली, "दाखला तयार नाही? टेबलाच्या खणात सहा दाखले तयार पडलेत, तुमच्या सहीपुरते. मी बघितलेत."

मी म्हणालो, "हे डावपेच आहेत. तुला कळायचे नाहीत."

"मला एवढं कळतं की तुम्ही पोरीच्या चांगल्या कामात खो घालताय. ती घरून किती वाजता निघते, विचारलंत कधी?"

"ते अर्जात लागत नाही," मी म्हणालो. हे बोलायला नको होते. रात्री जेवण वाढले, पण बोलणे नाही.

माझ्यावर अन्याय होतो आहे. रोशनी मला संजनासारखी आहे. ती इथेच राहावी, आपल्या लोकांसमोर खेळावी, संकुलात तिच्या नावाने आरोळी उठावी आणि मी पहिल्या रांगेत असावे, एवढेच तर मागतो आहे. त्यात वाईट काय?

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. समितीची बैठक बोलावली होती. उपस्थिती तीन, त्यात एक विहाराचा रखवालदार.

धनराजने आनंदाची म्हणून बातमी सांगितली. मालकांनी नाशिकच्या निष्ठावंत प्रेक्षकांसाठी पहिल्या सामन्याला सुरतेपर्यंत फुकट बस ठेवली आहे, नाश्त्यासकट. शेखरने पन्नास जणांची यादी मागितली आहे. रजिस्टरमधली नावे त्याच्याकडे आहेतच.

"तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"मी म्हटलं, पन्नास पुरायची नाहीत, दोन गाड्या करा."

मी राजीनामा द्यायचा विचार केला. पण तो स्वीकारायला बैठकीत कुणी नव्हते.

रविवार, २ नोव्हेंबर

दुपारी रोशनीचा फोन आला होता. "काका, झाला का दाखला?" मी म्हणालो, "अजून चार दिवस आहेत. शेवटच्या दिवशी बघू." ती म्हणाली, "मुकादमाची गाडी आलीय गावात. मग मी काय करू?" मी म्हणालो, "धीर धर." पलीकडे जीपचे हॉर्न वाजत होते, पुढचे ऐकू आले नाही.

चार दिवस. शेखरचा फोन उद्या किंवा परवा येणार. माझा अंदाज सहसा चुकत नाही. मी काय काय अटी घालायच्या त्याची यादी केली. पहिली अट, नाव 'गोदा वाघिणी'च. दुसरी, सामने नाशिकला. तिसरी मोकळी ठेवली आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शेखरचा फोन आला नाही. धनराजने ग्रुपवर फोटो टाकला. सुरतेच्या मैदानावर 'तापी वाघिणी'चा सराव. निळे शर्ट. मी चष्मा पुसून बघितले. आमच्या पाच मुली ओळीत उभ्या, हसताहेत.

मीच शेखरला फोन लावला.

"हो काका, पाच जणी आल्या परवाच. मंडळानं तीस दिवसांत दाखला दिला नाही तर खेळाडू थेट लीगकडं अर्ज करू शकतो. मंडळ उत्तर देत नाही, एवढं लिहून द्यायचं. त्यांच्या वडिलांनी लगेच करून टाकलं."

"आणि रोशनी?"

"तिला मीच सांगितलं होतं काका, तूही तसं लिहून दे. ती म्हणाली, खोटं कसं लिहू, पगारे काका उत्तर देतात, दर वेळी देतात." शेखर पुढे म्हणाला, "तिची जागा उद्या पाचपर्यंत ठेवलीय. नाही आली तर कोल्हापूरची एक मुलगी आहे."

म्हणजे मला ओलांडून जाणाऱ्या पाचही जणी पोहोचल्या. एक जी माझ्याकडे येत राहिली, ती राहिली. मी खुर्चीत किती वेळ बसून होतो ते लिहीत नाही.

खण उघडून तिच्या दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. खेळाडूच्या सहीची जागा कोरी. तिचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर. दहा वेळा लावला. आशा बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "द्या इकडं, मी करते तिची सही. फोटो काढून पाठवा शेखरला."

मी म्हणालो, "आशा, चौतीस वर्षांत मी खोट्या सहीचा कागद पुढे पाठवलेला नाही."

ती म्हणाली, "खऱ्या सहीचा तरी कुठं पाठवलात?"

उद्या पहिल्या गाडीने सुरगाण्याला जातो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सहाची एसटी. वणीच्या पुढे घाट, वळणे, मला दोनदा मळमळले. साडेनऊला सुरगाणा. तिथून पाड्याकडे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. दीड तास एका बोकडाशेजारी बसून होतो. शेवटचे दोन किलोमीटर चालत. अर्ध्यावर एका दगडावर टेकलो तेव्हा डोक्यात आले, ही मुलगी या वाटेने साक्षांकित प्रतीसाठी आली, संमतिपत्रासाठी आली, तारखेसाठी आली. तारखेसाठी! आणि परत गेली की संध्याकाळ होत असणार. मी एकदाही विचारले नाही. लाज वाटली. वहीत लिहिताना आत्ताही वाटते आहे.

घराला नवे पत्रे होते आणि दाराला कुलूप. शेजारी एक म्हातारी अंगणात नागली वाळत घालत होती.

"गेली सगळी," ती म्हणाली. "भात काढला नि गेली. पिंपळगावला, द्राक्षांत."

"रोशनी पण?"

"ती पण. दोन साल नव्हती गेली ती माणसं. औंदा गेली." तिने नागलीवरून कोंबडी हाकलली. "पोरगी जायचं नव्हती म्हणत. नाशिकचा साहेब कागद करतोय म्हणायची. मुकादमाची गाडी दोन दिस थांबवली तिनं. गाडी किती थांबणार? तुमी कोण?"

मी म्हणालो, "मी नाशिकहून आलो."

परतताना पाच वाजले तेव्हा मी वणीच्या स्टँडवर होतो. घड्याळ बघायचे नाही असे ठरवले होते, तरी बघितले. पाच वाजून चार मिनिटांनी शेखरचा मेसेज आला, 'सॉरी काका.'

शनिवार, ८ नोव्हेंबर

कालचा दिवस पिंपळगावात फोन करण्यात गेला. आमच्या कचेरीतल्या एका जुन्या शिपायाचा भाऊ तिथे शीतगृहात आहे, त्याने मुकादम शोधून काढला. आज सकाळी तिथे पोहोचलो. महामार्गापासून आत तीन-चार किलोमीटर, मोठी बाग.

वीस-पंचवीस बाया-माणसे वेलींखाली हात वर करून उभी होती. छाटणीनंतर जास्तीचे फुटवे येतात, ते खुडायचे काम. दिवसभर मान वर, हात वर. रोशनी तिसऱ्या ओळीत होती. तिचा हात इतका भरभर चालत होता की बाकीच्या बाया मागे पडल्या होत्या. मला बघून थांबली. ओढणीने तोंड पुसले आणि हसली.

"काका, तुमी इकडं? झाला का दाखला?"

पुंजा पलीकडून आला. मला वाटले, आता हा माणूस बोलेल, आणि बोलला तर मी ऐकून घेणार होतो. त्याने रिकामे पोते झटकून बांधावर पसरले आणि म्हणाला, "बसा साहेब. उन्हाचे आलात." फुलाबाईने तांब्याभर पाणी आणून दिले आणि परत ओळीत गेली. तिचा रोज चालू होता.

मी पिशवीतून दाखला काढला. रोशनीने हात पाण्याने धुतले, ओढणीला नीट कोरडे केले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि कोऱ्या जागी सही केली. माझ्यासमोर, ठरावाप्रमाणे. सही झाल्यावर तिने खाली तारीखही टाकली. मग वर बघितले.

मी म्हणालो, "रोशनी, यादी परवा बंद झाली."

शेजारच्या ओळीतल्या बायांचे बोलणे थांबले. पुंजाला नीट कळले नसावे, तो कागदावरच्या शिक्क्याकडे कौतुकाने बघत होता.

रोशनी म्हणाली, "मग हा पुढल्या साली चालंल ना?"

मी माफी मागायला गेलो होतो. वाटेत वाक्ये जुळवली होती. तोंडातून निघाले ते असे, "दाखला एका हंगामापुरताच असतो. पुढच्या वर्षी नवा लागेल."

तिने मान हलवली. दाखल्याची घडी केली, पुंजाच्या हातात दिली, त्याने खिशात ठेवला. मग ती उठली, पुन्हा वेलीखाली जाऊन हात वर केले, आणि तिथूनच, फुटवे खुडता खुडता म्हणाली, "काका, मग पुढल्या सालचे कागद काय काय लागतील ते आताच सांगून ठेवा. दिवाळीनंतर आमी इकडं असतो. सारखं येता येत नाय."

"काही नको," मी म्हणालो. "काहीच आणू नकोस. मी घरी बसून करून देतो. तुझा एकही कागद नको."

तिचा हात जरा थांबला. तिने माझ्याकडे वळून बघितले. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला परतीचा प्रवास सोपा गेला असता.

"असं कसं, काका?" ती म्हणाली. "काहीतरी तं लागंलच."